कुष्ठरोगाचे जंतू मेल्यावरही चट्टा का सुजतो?

आपला प्रश्न असा आहे की एमडीटी (कुष्ठरोगावरील अनेक औषधांचा एकत्र उपचार) चालू असताना किंवा संपल्यावरही जुने चट्टे लाल होऊन का सुजतात, आणि जंतू मेलेले असतील तर नुसत्या त्यांच्या प्रथिनांनी एवढा दाह होऊ शकतो का. होऊ शकतो. याच मुद्द्यावरून माझ्या मामेभावाचे आणि माझे गेली अनेक वर्षे बोलणे बंद आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

मामा शिंपी होते. त्यांच्या उजव्या कोपराखाली तळहाताएवढा बधिर चट्टा होता आणि पाठीवर आणखी काही. मी तेव्हा प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. त्यांचा स्मिअर, म्हणजे त्वचेतून काचपट्टीवर घेतलेला नमुना, मीच पाहिला, त्यात जंतू तुरळक होते, आणि मीच हट्टाने त्यांना गोळ्या सुरू करायला लावल्या. तिसरे पाकीट संपत आले तेव्हा कोपराखालचा चट्टा आठवड्याभरात जांभळट लाल झाला, कडा फुगल्या आणि तो हाताला गरम लागू लागला. मामांची तक्रार मात्र वेगळीच होती. मशिनवर कापड सरकवताना करंगळी बाजूला फाकते आणि घडीत अडकते, असे ते म्हणत. मी ते कानाआड केले. ज्या डॉक्टरांना त्यांनी दाखवले त्यांनी औषधाची ॲलर्जी ठरवून गोळ्या बंद केल्या आणि मलम दिले. दीड महिन्याने कुष्ठरोगाच्या जाणकाराने करंगळीला ताकद देणारी कोपरामागची नस नुसती चाचपली, तेव्हा ती दोरीसारखी जाड लागली आणि मामांनी कळवळून हात ओढून घेतला. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. चट्टा बसला, पण करंगळी पूर्ववत झाली नाही.

आता प्रथिनांविषयी. एमडीटीतील रिफाम्पिसिन या औषधाच्या पहिल्याच मात्रेने बहुतेक जंतू मरतात, पण त्यांची मढी त्वचेतील आणि नसांमधील पेशींत दीर्घकाळ पडून राहतात आणि सावकाश विरघळतात. त्यांतून ६५, १८ आणि १० किलोडाल्टन वजनाची उष्मा-आघात प्रथिने (ताण आला की पेशी बनवते ती) मोकळी होतात, त्याचबरोबर जंतूच्या आवरणातील लिपोप्रोटीनेही. लिपोप्रोटीन भक्षकपेशीवरील टीएलआर-२ या ग्राहकाला चिकटले की ती पेशी जागी होते. बाकीच्या प्रथिनांचे ती बारीक तुकडे करते आणि आपल्या पृष्ठभागावरील एचएलए-डीआर रेणूंवर मांडून सीडी-४ टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवते. ओळख पटलेल्या टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात, टीएनएफ वाढतो (दोन्ही दाह वाढवणारे संदेश-रेणू), रक्तातून आणखी पेशी ओढल्या जातात आणि चट्टा फुगतो. त्वचेला फुगायला जागा असते; कोपरामागच्या हाडाच्या खोबणीतील नसेला ती नसते, म्हणून आतल्या आत दाबली जाऊन ती निकामी होते. अशा सुजेला प्रतिक्रिया म्हणतात, आणि हा तिचा पहिला प्रकार. दुसऱ्यात, म्हणजे ईएनएलमध्ये (एरिथेमा नोडोसम लेप्रोसममध्ये), जंतूंचे अंश आणि प्रतिपिंडे यांची संयुगे साचतात, ताप येतो आणि दुखऱ्या गाठी नव्यानेच उठतात. तो मुख्यतः भरपूर जंतू असलेल्या रुग्णांना होतो.

मामेभावाचे म्हणणे एकच, की गोळ्यांनी बाबांचा हात गेला. त्याला मी लेप्रोमिन चाचणीचा दाखला देत आलो. जपानच्या मित्सुदांनी १९१९ मध्ये वर्णिलेल्या या चाचणीत रुग्णाच्या गाठीतील जंतू उष्णतेने मारून त्वचेत टोचतात. ज्याची प्रतिकारशक्ती जंतूला ओळखते त्याच्या हातावर तीन-चार आठवड्यांनी गाठ उठते, आणि लेप्रोमॅटस, म्हणजे प्रतिकारशक्ती जंतूला ओळखत नसलेल्या, रुग्णाच्या हातावर काहीही उठत नाही. तिथे ना गोळी असते ना जिवंत जंतू. शिवाय कित्येक रुग्ण एकही गोळी न घेता सुजलेल्या चट्ट्यासह पहिल्यांदा दवाखान्यात येतात. एमडीटीतील क्लोफाझिमिन या औषधाने त्वचा काळपट तांबूस होते हे खरे, पण त्याने चट्ट्याच्या कडा फुगत नाहीत आणि नस दुखत नाही.

अर्थात मामेभाऊ अगदीच चुकीचा नाही, हे इतक्या वर्षांनी मला मान्य करावे लागते. गोळ्यांनी जंतू मरतात म्हणूनच प्रथिने मोकळी होतात आणि पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत अधिक दिसते. यांपैकी नेमके कोणते प्रथिन कोणत्या रुग्णात मुख्य ठरते, हे एका वाक्यात सांगण्याजोगे नाही, कारण एचएलए माणसागणिक बदलते. तसेच गोळ्या संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी सूज आली, तर रोग उलटल्याची शक्यताही तपासावी लागते.

आपल्या घरात कोणाचा चट्टा सुजला असेल तर गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्याच दिवशी करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरायला सांगून तो ओढून पाहावा. सहज निसटला, तर स्टेरॉइडसाठी आठवडाही थांबू नये, कारण नस सहा महिन्यांहून अधिक काळ निकामी राहिली की परत येण्याची आशा फार कमी उरते. ही कागदाची परीक्षा मला तेव्हाही ठाऊक होती. मामेभावाने गोळ्यांचा राग धरण्यापेक्षा माझ्यावर याचा राग धरला असता, तर मी गप्प बसलो असतो.