केसी, केसी आणि केसी

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या राज्यांच्या राजकारणावर त्या लेख लिहीत आहेत आणि एकाच आडनावाच्या माणसांनी त्यांना हैराण केलं आहे. शिकागोत दोन डेली, कॅलिफोर्नियात ब्राउनच ब्राउन, पेनसिल्व्हेनियात तर केसींची रांग. यांना 'नामबंधू' म्हणावं, 'आडनावबंधू' म्हणावं, की सरसकट 'घराणं'? आणि त्यात एखादी बाई असली तर काय?

'नामबंधू' आधी खोडा. हा शब्द हल्ली बातम्यांत कुठेही घुसतो आणि माझं डोकं फिरवतो. नाव ते नाव, आडनाव ते आडनाव. दोन रमेश असले तर नामसाधर्म्य, दोन कुलकर्णी असले तर आडनावबंधू. इतका सोपा फरक मराठीने करून ठेवलाय, तो पुसायचं कारण काय?

आता 'आडनावबंधू'. या शब्दात एक मिश्कीलपणा आहे, तो कळला की चुका आपोआप थांबतात. त्यातला 'बंधू' हा 'भाऊबंद'मधल्या बंदाला चिमटा काढतो. ज्याला वाटणी मागता येते तो भाऊबंद, ज्याला फक्त आडनाव मागता येतं तो आडनावबंधू. म्हणून सख्ख्या बापलेकांना आडनावबंधू म्हणणं चूकच. परवा एका मजकुरात 'शिकागोचे महापौर डेली बंधू' असं वाचलं. अहो, ते बाप आणि मुलगा! रिचर्ड जोसेफ डेली 1955 पासून 1976 साली मरेपर्यंत महापौर होते, आणि रिचर्ड मायकेल डेली 1989 ते 2011. तिकडे मधल्या अक्षरावरून दोघांना ओळखतात. आपल्याला त्या अक्षरांचीही गरज नाही, 'थोरले डेली' आणि 'धाकटे डेली' म्हटलं की काम झालं. थोरले बाजीराव, थोरले माधवराव म्हणत आलेल्या भाषेने 'सीनियर-ज्युनियर' उसनं घ्यावं, हे मला कधीच कळलेलं नाही.

ब्राउन मंडळींत दोन्ही प्रकार सापडतात. पॅट ब्राउन आणि जेरी ब्राउन बापलेक, दोघेही कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर. विली ब्राउन त्यांचे कोणीही लागत नाहीत, ते खरे आडनावबंधू. 1999 ते 2004 या काळात गंमतच होती. उपसागराच्या एका काठाला सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर विली ब्राउन, समोरच्या काठाला ओकलंडचे महापौर जेरी ब्राउन, आणि मध्ये एक पूल. ब्राउन या आडनावाची व्युत्पत्ती मात्र विचारू नका. तपकिरी. संपलं.

खरी मजा केसीत आहे.

पेनसिल्व्हेनियात रॉबर्ट केसी, म्हणजे बॉब केसी, हे स्क्रॅन्टन शहरातले डेमोक्रॅट पुढारी. 1969 ते 1977 ते राज्याचे महालेखापरीक्षक होते, नाव चांगलं झालेलं. गव्हर्नरपदाची पक्षाची उमेदवारी त्यांनी 1966 आणि 1970 मध्ये मागून पाहिली होती, मिळाली नव्हती. 1976 साली राज्याच्या खजिनदारपदासाठी मतपत्रिकेवर 'रॉबर्ट केसी' हे नाव झळकलं आणि लोकांनी भरभरून मतं दिली. पण हे रॉबर्ट ई. केसी होते, कॅम्ब्रिया काउंटीतले. निवडून आले, चार वर्षं खजिना सांभाळला आणि 1980 साली हरले.

पुढचा अंक आणखी भारी. 1978 साली आपले मूळचे केसी तिसऱ्यांदा गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. तिथल्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, या दोन पदांसाठी वेगवेगळं मत द्यायचं असतं, जोडी नंतर लागते. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, लेफ्टनंट गव्हर्नरच्या रकान्यात आणखी एक बॉब केसी. पेशाने शिक्षक, शिवाय आइस्क्रीमच्या दुकानाचे मालक. निकाल लागला तेव्हा ज्यांना सगळं राज्य ओळखत होतं ते केसी पडले आणि आइस्क्रीमवाले केसी निवडून आले. गव्हर्नरपदाची उमेदवारी फ्लॅहर्टींना गेली, म्हणून पक्षाची जोडी ठरली फ्लॅहर्टी आणि केसी, आणि ती नोव्हेंबरात हरली. 1986 साली मूळ केसी चौथ्यांदा उतरले तेव्हा 'खरा बॉब केसी' मीच, हे त्यांना प्रचारात सांगावं लागलं. या खेपेला जिंकले, आणि 1987 ते 1995 गव्हर्नर राहिले.

प्रश्नकर्त्या बाईंनी इथे 'केसी घराणं' असं लिहिलंय. त्यांतले खरे केसी आणि त्यांचा मुलगा धाकटा बॉब केसी, जो आधी महालेखापरीक्षक, मग खजिनदार आणि 2007 पासून 2025 पर्यंत सिनेटर होता, एवढंच घराणं. बाकीचे दोघे आडनावबंधू, आणि नावही तेच असल्यामुळे वर नामसाधर्म्य. दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरण्याची अशी संधी पुन्हा येणार नाही, सोडू नका.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. केसी हे आडनाव आयरिश. मूळ रूप 'ओ काहसी'. त्यातला 'काहसख' हा पूर्वज, आणि त्या नावाचा अर्थ 'सावध, जागता'! म्हणजे ज्या आडनावाने एका राज्यातल्या मतदारांना दोनदा बेसावध गाठलं, त्याचा अर्थ जागरूक. याहून सुंदर व्युत्पत्ती मला वर्षभरात भेटलेली नाही.

पण खरा ऐवज त्या 'ओ'मध्ये आहे. 'ओ' म्हणजे मुळात नातू, पुढे अर्थ पसरून वंशज. आडनावातच नातं लिहून ठेवलेलं: अमक्याचा नातू. इंग्रजांच्या अमलात हा 'ओ' हजारो आडनावांतून गळाला. 'ओ काहसी'चं केसी झालं, 'ओ डाली'चं डेली झालं. माझं म्हणणं असं की आडनावबंधूंचा गोंधळ तिथेच सुरू झाला. नातू गेला आणि नुसता आजोबा उरला, मग कोणाचा आजोबा कोण ते कसं कळणार? यावर कोणी म्हणेल की 'ओ' असतानाही आयर्लंडात केसींची एकमेकांशी संबंध नसलेली अनेक कुळं होती. होती, हे खरं आहे. तरीही मी माझं मत सोडत नाही. 'नातू' म्हटल्यावर निदान 'कोणाचा?' हा प्रश्न तोंडावर येतो, 'केसी' म्हटल्यावर येत नाही.

डेलीचं मूळही सांगून टाकतो, राहवत नाही. 'डाल' म्हणजे सभा. आयर्लंडच्या संसदेच्या खालच्या सभागृहाला आजही त्याच शब्दावरून ओळखतात. त्यावरून 'डालख' म्हणजे सभेत बसणारा. डेली म्हणजे चक्क सभासद! 1976 साली शिकागोचे थोरले डेली गेले, त्याच वर्षी आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष कॅरल ओ डाली यांनी राजीनामा दिला. आडनाव तेच, एकाकडे 'ओ' शिल्लक, दुसऱ्याकडे गळालेला.

आपल्या 'आडनावा'कडे येऊ. 'आड' म्हणजे लपलेलं, म्हणून आडनाव म्हणजे नावाआड दडलेलं नाव, असं समजावणारे बरेच आहेत. दडलेलं कसलं? शाळेत हजेरीपासून मारामारीपर्यंत सगळं आडनावावर चालतं. दुसरा पक्ष 'अर्ध'पासून 'आड' काढतो, म्हणजे अर्धं नाव. अडीचमध्ये 'अर्ध' आहे, मान्य. पण मग आडवाट म्हणजे अर्धी वाट का? आडगाव म्हणजे अर्धं गाव? आडवाट म्हणजे मुख्य रस्त्याला सोडून बाजूला जाणारी वाट, तसं आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूचं नाव. आणि हे एकट्या मराठीचं डोकं नाही. कानडीत 'अड्ड हेसरु' म्हणतात. अड्ड म्हणजे आडवं, हेसरु म्हणजे नाव. तंतोतंत आडनाव! कोणी कोणाकडून घेतलं यावर पंडितांनी भांडावं. माझा कौल कानडीला. मराठीचे सगळे शब्द संस्कृताच्याच दारात नेऊन बांधणाऱ्यांना हे रुचत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. 'कर' लावला की झालं. पेनसिल्व्हेनियात उलटं घडलंय. स्क्रॅन्टन हे गावाचं नाव स्क्रॅन्टन या आडनावावरून पडलं, त्या कुटुंबाने तिथे लोखंडाचा कारखाना काढला म्हणून. 1986 साली बॉब केसींनी हरवलं ते त्याच आडनावाच्या बिल स्क्रॅन्टनना. आठ वर्षांपूर्वी आइस्क्रीमवाल्या केसींना हरवून लेफ्टनंट गव्हर्नर झाले होते ते हेच. स्क्रॅन्टनकराने स्क्रॅन्टनला पाडलं, असं मराठीतच म्हणता येतं.

'नामसाधर्म्य' हा शब्द मुद्दाम उभ्या केलेल्या उमेदवारांसाठीही चालतो. रायगडला 2014 च्या लोकसभेत सुनील तटकरे दोन हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला त्याहून कितीतरी जास्त मतं पडली, तेव्हापासून हा शब्द घराघरात कळतो. अमेरिकेतही हे चालतं. 2024 साली वॉशिंग्टन राज्यात गव्हर्नरपदासाठी बॉब फर्ग्युसन यांच्यासमोर आणखी दोन बॉब फर्ग्युसन यांचे अर्ज आले. तिथे मतदारांना गोंधळात टाकण्यासाठी मिळत्याजुळत्या नावाने उभं राहणं हा 1943 पासून गुन्हा आहे. खऱ्या फर्ग्युसननी ते कलम दाखवताच दोघांनीही अर्ज मागे घेतले. आपल्याकडे अर्ज मागे घेण्याचं असं कारण अजून ऐकलेलं नाही.

राहिला बाईचा प्रश्न. 2015 ते 2019 कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन आणि शेजारच्या ओरेगनच्या गव्हर्नर केट ब्राउन, नातं शून्य. केटताईंना 'आडनावभगिनी' म्हणावं का? व्याकरणाची हरकत नाही, पण ऐकताना सभेत भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं. मी तरी 'आडनाव एकच, नातं नाही' असं लिहीन. जेरी यांची सख्खी बहीण कॅथलीन ब्राउन राज्याची खजिनदार होती, तिला मात्र बहीणच म्हणा.

आणि लेख छापायला द्याल तेव्हा केसी एका शब्दात लिहा. 'के. सी.' असं तोडलंत तर वाचक ती आद्याक्षरं समजेल आणि आणखी एक केसी जन्माला येईल.