होडी ओढायला डिझेल गाडी शोधताय? आधी ट्रेलर वजनकाट्यावर न्या

तुमचा प्रश्न असा: गुहागरजवळ वीस फुटी फायबर होडी ट्रेलरसकट घेतली आहे, ती ओढायला दणकट डिझेल फोर-बाय-फोर हवी, पण नव्या गाड्यांत फॉर्च्युनर सोडली तर डोळ्यांत भरेल असं काही दिसत नाही आणि ती बजेटमध्ये बसत नाही. फोर्डची जुनी एंडेव्हर घ्यावी का?

मी मालवण तालुक्यातला. पर्यटकांसाठी दोन फायबर होड्या चालवतो, त्यामुळे या शोधातून मीही गेलोय.

तुमचं निरीक्षण खरं आहे, अशा गाड्या कमी झाल्याच. शेव्हरोलेची ट्रेलब्लेझर, २.८ लिटर आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्कची (टॉर्क म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर), कंपनीने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली तेव्हा गेली. चासीवरची, म्हणजे खाली वेगळा पोलादी सांगाडा असलेली सफारी स्टॉर्म २०१९ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये सफारी हे नाव परत आलं, पण ती गाडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली, आणि पुढच्या चाकांवर चालणारी. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक नियम लागू झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करायची यंत्रणा महाग आणि एवढी मोठी इंजिनं विकत घेणारे मोजके, म्हणून कंपन्यांनी काढता पाय घेतला. एंडेव्हरचं ३.२ लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन त्याच वेळी गेलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं. शिवाय चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीच्या वरच्या एसयूव्हीवर कर जबर. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, त्याआधी सेस धरून ५० टक्के पडायचा. मुळात आपल्याकडे ट्रेलर ओढायला म्हणून गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये महिन्यातून एखादा येत असेल. त्याच्यासाठी कोण गाडी बनवणार?

तरी परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर-बाय-फोरमध्ये १७५ पीएस मिळतात, टॉर्क मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४००, खाली चासी आणि फोर-लो गिअर (हळू वेगात चारही चाकांना जास्त जोर देणारा). हीच गाडी ऑस्ट्रेलियात विकतात तेव्हा ब्रेकवाला ट्रेलर २,५०० किलोपर्यंत ओढायची परवानगी कागदावर देतात. मागे उघडी बॉडी चालत असेल तर इसुझुचा व्ही-क्रॉस बघा, १.९ लिटर, ३६० टॉर्क. हायलक्समध्ये फॉर्च्युनरचंच २.८ लिटरचं इंजिन आहे. डिझेल हवं हा तुमचा आग्रह बरोबरच आहे. इंजिनाच्या मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच जोर मिळतो, त्यामुळे ओल्या पुळणीवरून होडी वर काढताना इंजिन बोंबलवावं लागत नाही.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही गाडी निवडताय ती ओढण्याच्या ताकदीवर. मीही तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका धरणात चालणारी जुनी होडी विकत घेतली आणि ट्रेलरवर टाकून फोंडा घाटाने खाली आणली. निघताना आमचा ट्रॅक्टरवाला म्हणाला होता, "गाडी ओढतली रे, पण थांबवतलो कोण?" मी हसण्यावारी नेलं. राधानगरीपासून घाटमाथ्यापर्यंत सगळं मजेत चाललं. गाडीला मागे काही आहे हे जाणवतही नव्हतं. उतार लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकचा जळका वास यायला लागला. पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, त्याच्या पुढच्याला स्पंजासारखं दबलं. ट्रेलर मागून रेटत होता, आणि वळणावर तो गाडीची पाठ बाहेरच्या बाजूला ढकलतोय हे मला कमरेला कळत होतं. पहिल्या गिअरवर आणून, डोंगराच्या कडेला चाकं घासत कशीबशी उभी केली. सोबतच्या पोराने उडी मारून चाकांखाली दगड लावले. तासभर तिथेच बसलो होतो. हात थरथरत होते ते थांबेपर्यंत दुसरा काही विचार सुचला नाही.

खाली आल्यावर काट्यावर घातलं. होडी, इंजिन, ट्रेलर आणि विकणाऱ्याने प्रेमाने दिलेलं सामान मिळून १,६८० किलो. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता. ऑस्ट्रेलियात बिनब्रेकच्या ट्रेलरला बहुतेक गाड्यांसाठी ७५० किलोची मर्यादा असते, हे मी त्यानंतर वाचलं. मी दुपटीहून जास्त वजन घेऊन घाट उतरत होतो. माझी गाडी कमजोर नव्हती. तिच्या जागी फॉर्च्युनर असती तरी चार डिस्कवर एवढं ओझं टाकून वास तोच आला असता.

म्हणून पहिला खर्च ट्रेलरवर करा. ओव्हररन ब्रेक बसवून घ्या. ट्रेलरने पुढच्या गाडीला रेटलं की कपलिंग (गाडी-ट्रेलरचा जोड) दाबलं जातं आणि ट्रेलरच्याच चाकांना ब्रेक लागतो, गाडीतून वेगळी वायर ओढावी लागत नाही. होडी ट्रेलरवर अशी बसवा की एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा हुकावर येईल. आउटबोर्ड, म्हणजे होडीचं इंजिन, मागे लटकत असल्याने बोजा मागे जातो आणि मग ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. टो हूक बंपरला नाही, चासीला बोल्ट केलेला हवा. आणि कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. गाडीच्या विम्यात ओढलेल्या ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते एकदा विचारून घ्या.

एंडेव्हरबद्दल: गाडी उत्तम, फोर्डने सेवा आणि सुटे भागही चालू ठेवलेत. पण गुहागरहून तुमचं सर्वात जवळचं वर्कशॉप किती लांब पडतं ते आधी शोधा. आणि किनाऱ्यावर वापरलेली असेल तर खाली झोपून चासी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. खारं वारं वरच्या रंगाला काही करत नाही, आतून पोखरतं. मी तुमच्या जागी असतो तर स्कॉर्पिओ-एन घेतली असती आणि उरलेल्या पैशांत ट्रेलर सुधारला असता.

पाण्यात उतरवण्यासाठी मात्र मी आजही स्वतःची गाडी वापरत नाही. १ जूनला मासेमारीबंदी लागायच्या सुमारास सगळ्यांच्याच होड्या वर येतात, तेव्हा गावातला ट्रॅक्टर भाड्याने घेतो. खाऱ्या पाण्यात मागची चाकं बुडवणं म्हणजे ब्रेक आणि बेअरिंग दोन्हींचं आयुष्य कापणं. गाडीनेच उतरवायची असेल तर टायरची हवा अठरा-वीसवर आणा आणि लांबून आला असाल तर अर्धा तास थांबा. ट्रेलरचे हब तापलेले असताना थंड पाण्यात गेले की आत पाणी ओढून घेतात, मग महिन्याभरात बेअरिंग ओरडतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच.

तुमची होडी नेहमी किती लांब न्यायची आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गावातून जेटीपर्यंतच असेल तर वर्षातून दोन वेळा ट्रॅक्टर आणि बाकी काळ साधी बोलेरो, एवढ्यावर भागेल. दाभोळ, हर्णै, रत्नागिरी असं फिरवायचं असेल तर ट्रेलर भरून जवळच्या काट्यावर न्या आणि आकडा इथे लिहा. टो हूक कुठला, ब्रेक कुठला, ते त्यावरून सांगतो.