टाळू बघायला विसरू नकोस

अगं, तापलेलं बाळ दिसलं की आपला हात आधी कपाळावर जातो. तो टाळूवरही, म्हणजे डोक्यावरच्या मऊ जागेवरही जाऊ दे. बाळ शांत असताना, उभं धरून बघायची. रडताना ती फुगतेच, त्यावरून घाबरू नकोस. पण बाळ निवांत असूनही टाळू वर आलेली, ताणलेली लागली तर मेंदूज्वर असू शकतो, उशीर नको.

मेंदूज्वरात मान ताठ होते, हे प्रशिक्षणात ऐकलं असशील. तान्ह्या बाळात ती बरेचदा ताठ होतच नाही. अंगावर पिणं सोडणं, सुस्त पडणं, किंचाळल्यासारखं रडणं, कडेवर घेतलं की जास्तच कळवळणं, झटके, हे बघ. अगदी लहान बाळाचं तर अंग तापण्याऐवजी गारही पडतं. ‘दात येतायत’, ‘नजर लागली’ म्हणत रात्र काढू देऊ नकोस. सरळ १०८.

दवाखान्यात पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की आजी अडून बसते: पोर लुळं पडेल! तिला सांग, सुई कमरेत टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो. त्या पाण्यावरून कोणतं औषध, किती दिवस, ते ठरतं.

बाळ बरं होऊन आलं तरी कानांची तपासणी करून घे. बहिरेपण मागे राहू शकतं, आणि ते घरच्यांना फार उशिरा कळतं.

मेंदूज्वराच्या जंतूंपासून वाचवणाऱ्या लसींचं तुला पाठच असेल: पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) ६, १०, १४ आठवड्यांना, पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूवरची लस) ६ आणि १४ला. नवव्या महिन्यातला पीसीव्हीचा बूस्टर मात्र ऊसतोडीला गेलेल्या घरांत हटकून चुकतो. निघण्याआधीच कार्ड बघून घे.