मेडिक्लेम बंद करून कॅमेरा घेऊ नका

ऐरोलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, महापेला आयटी कंपनीत नोकरी, हातात पगार ८५ हजार. पतीचा स्वतःचा छोटा व्यवसाय, मुलगा सातवीत. ताईंना बाहेरच्या उजेडातली फोटोग्राफी, विशेषतः खाडी आणि पक्षी, रीतसर शिकायची आहे. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. आठ जणांचा गट, सहा रविवार, दर रविवारी तीन तास, फी ९ हजार. किंवा एकट्यानं शिकायचे दोन-दोन तासांचे दहा धडे, ३६ हजार रुपये आगाऊ. सुटा धडा ४ हजारांना. शिवाय १ लाख ६० हजारांचा कॅमेरा आणि लेन्स, २४ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. त्यांचा प्रश्न एवढाच की गट की एकटीनं?

पण पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "पैशांची सोय झाली आहे. ऑफिसचा विमा आहेच, म्हणून घरच्या मेडिक्लेमचा ३१ हजारांचा हप्ता यंदा भरला नाही. मुदत संपून १२ दिवस झाले. नऊ वर्षं भरत होतो, चार वर्षांपूर्वी यांना शुगर निघाली, पण क्लेम कधी करावा लागला नाही. बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी मात्र चालू ठेवली आहे, वर्षाला १ लाख. दोन हप्ते भरून झाले. दोन वर्षांनी नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी करायचा विचार आहे."

ताई, फोटोग्राफीचं नंतर बोलू. आधी मेडिक्लेमचा हप्ता भरा. आजच.

वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते. तुमचे १२ दिवस गेले, १८ उरलेत. या १८ दिवसांत पैसे भरले तर नऊ वर्षांत जे कमावलंत ते सगळं टिकतं. मधल्या दिवसांत कुणी आजारी पडलं तर तो खर्च मिळणार नाही, म्हणून अठराव्या दिवसाची वाट पाहू नका. आणि ३१ हजार हा जुना आकडा आहे. त्यात १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. कंपनीनं मूळ दर वाढवला नसेल तर हप्ता २६ हजारांच्या आसपास येईल.

नऊ वर्षांत काय कमावलंत, ते सांगतो. पतीची शुगर पॉलिसी घेतल्यानंतर निघाली. त्यामुळे या जुन्या पॉलिसीत तो पुढे उद्भवलेला आजार आहे, त्याच्याशी संबंधित उपचारांना संरक्षण आहे. हीच पॉलिसी बंद पडून उद्या नवी घ्यायला गेलात, तर तीच शुगर आधीपासूनचा आजार ठरेल. मग तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही), किंवा वाढीव हप्ता, किंवा सरळ नकार. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, "तुम्ही अमुक माहिती लपवली" असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ते संरक्षणही तुम्हाला मिळालेलं आहे. नव्या पॉलिसीत ही पाच वर्षं पहिल्यापासून मोजावी लागतील.

"क्लेम कधी करावा लागला नाही" हे वाक्य मी अनेक पत्रांत वाचतो आणि दर वेळी काळजी वाटते. नऊ वर्षं तब्येत चांगली राहिली ही आनंदाची गोष्ट आहे. हप्ते वाया गेले असं त्यातून निघत नाही.

ऑफिसचा विमा तुमच्या नोकरीला बांधलेला आहे. पतीचा व्यवसाय असल्यामुळे त्यांना दुसरीकडून काही नाही, म्हणजे तिघांचं संरक्षण तुमच्या एकटीच्या ओळखपत्रावर उभं आहे. आणि तुम्ही तेच ओळखपत्र दोन वर्षांनी परत करायचं म्हणताय! नोकरी सोडताना गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण तेव्हा कंपनी तब्येत पाहूनच ठरवेल. ज्यांना कधीतरी नोकरी सोडायची आहे, त्यांना स्वतःची मेडिक्लेम पगारदार माणसापेक्षा जास्त लागते. तुमच्या फोटोग्राफीच्या स्वप्नाचा पहिला खर्च कॅमेरा नाही, हा २६ हजारांचा हप्ता आहे.

आता ती बँकेची पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या कागदानुसार वर्षाला १ लाख, १२ वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर २४ लाख मिळणार. रिलेशनशिप मॅनेजरनं "पैसे दुप्पट, गॅरंटीड" असं सांगितलं. १२ लाखांचे २४ लाख, हे खरंच. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा अंदाज येतो. ७२ ला १४.५ नं भागा : ५ टक्क्यांच्या आतबाहेर व्याज झालं. हेच पैसे पीपीएफमध्ये त्याच पद्धतीनं भरले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर ३३ लाखांच्या आसपास होतात. विमा म्हणावा तर रक्कम फक्त १० लाख, तुमचा एका वर्षाचा पगारसुद्धा नाही. तुम्ही नव्या कररचनेत आहात, म्हणजे हप्त्यावर करात मिळणारी ८० सीची वजावटही नाही. ३६ वर्षांच्या बाईला १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, बचत नसलेला) वर्षाला साधारण १० ते १५ हजारांत मिळतो. तो कुणी सुचवला नाही, कारण त्यात विकणाऱ्याचं कमिशन थोडं. मला याचा राग येतो.

म्हणून तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : आज बंद केली तर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे परत मिळणारी रक्कम, किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. भरलेल्या २ लाखांतले बरेच जातील, वाईट वाटेल. तरी पुढचे १० लाख त्याच वाटेनं पाठवायचे का, हा प्रश्न मोठा आहे. माझं मत थांबावं असं आहे, पण आधी टर्म विमा हातात येऊ द्या.

आता तुमचा प्रश्न. गटात तीन तासांची १८० मिनिटं, आठ जणांत वाटली तर तुमच्या वाट्याला २२. सहा रविवारांत सव्वादोन तास. म्हणजे शिक्षकाचं खास तुमच्याकडे लक्ष तासाला ४ हजारांना पडतं, आणि एकट्याच्या पॅकेजमध्ये १,८०० ला. हिशेबानं एकट्याचं स्वस्त दिसतं. पण सुरुवातीला सगळ्यांच्या चुका त्याच असतात : शटरचा वेग कमी पडून उडता पक्षी धूसर होतो, चमकत्या पाण्यामुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, फोकस भलतीकडे लागतो. दुसऱ्याची चूक पाहूनही तुम्ही शिकता. एकटीनं सलग दहा धडे घेतलेत तर मधे सरावाला वेळ उरणार नाही, आणि खरं शिकणं सरावातच होतं.

तेव्हा आधी गट, ९ हजार. नंतर महिन्याला एक याप्रमाणे तीन सुटे धडे, १२ हजार, आणि त्यात स्वतःचे फसलेले फोटो घेऊन बसा. एकूण २१ हजार. ३६ हजार आगाऊ देऊ नका. पाऊस आला तर रविवार बदलून मिळेल का, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या. शिकवणाऱ्याला भरती-ओहोटीबद्दलही विचारा. ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ठाणे खाडीच्या चिखलात चरतात, भरतीला नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे येतात. हे ज्याच्या बोटांवर नाही, तो तुमचा अर्धा रविवार रिकाम्या पाण्याकडे पाहण्यात घालवेल.

कॅमेरा सध्या नको. घरी जुना डीएसएलआर आहे असं तुम्हीच लिहिलंय, शिकायला तो पुरतो. लांब पल्ल्याची लेन्स शनिवार-रविवारपुरती भाड्यानं मिळते. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, रोखीची सूटही बुडते. रोहित नोव्हेंबर ते मे असतात. एक हंगाम भाड्याच्या लेन्सवर काढा. त्यानंतरही पहाटे उठावंसं वाटलं तर महिना ६,७०० रुपये आधी साठवा, मग घ्या.

नोकरी सोडण्याबद्दल एवढंच. पक्ष्यांच्या फोटोंवर घर चालवणारे फार थोडे. पोट भरतं ते लग्नं, उत्पादनांचे फोटो आणि शिकवण्या यांवर. एका कामाचे खर्च जाऊन १५ हजार धरले, तरी ८५ हजारांसाठी महिन्याला सहा कामं लागतात, आणि चातुर्मासात लग्नंच नसतात. नोकरी असतानाच वर्षभर सुट्टीच्या दिवशी कामं घेऊन बघा, मिळालेला प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्यात वर्षभराचा घरखर्च जमल्याशिवाय राजीनामा लिहू नका.

मेडिक्लेमची पावती आली की मला कळवा. त्याच ईमेलमध्ये बँकेच्या पॉलिसीचे दोन्ही आकडे पाठवा, म्हणजे तिसऱ्या हप्त्याचं नक्की करू.