‘ह्यूमर’ म्हणजे मुळात ओलावा

प्रश्न : इंग्रजीतील ‘ह्यूमर’, ‘विट’, ‘सॅटायर’ आणि ‘सारकॅझम’ या शब्दांना आपण सरसकट ‘विनोद’ म्हणतो. त्यांच्या अर्थांत फरक काय आणि हे शब्द आले कुठून?

उत्तर : यांपैकी ‘ह्यूमर’चा प्रवास सर्वांत लांबचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओलावा किंवा द्रव एवढाच होता. दमट हवेसाठी वापरला जाणारा ‘ह्यूमिड’ हा त्याचाच भाऊबंद. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांच्या कमीअधिक प्रमाणावर माणसाची प्रकृती आणि स्वभाव ठरतो, असे ग्रीक वैद्यक मानत असे आणि युरोपात ही समजूत अनेक शतके टिकून होती. त्यामुळे ‘ह्यूमर’ या शब्दाचा अर्थ द्रवावरून स्वभावाकडे आणि तिथून स्वभावातील विक्षिप्तपणाकडे सरकत गेला. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनचे ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक १५९८ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्या नावातील ‘ह्यूमर’ म्हणजे ज्याची त्याची लहर होती. अशा लहरी पात्रांना लोक हसत राहिले आणि पुढे शब्द त्या हसण्यालाच चिकटला. एखाद्याचे ‘पित्त खवळले’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याही बोलण्यात शरीरातील द्रव आणि स्वभाव यांची सांगड असतेच.

‘विट’चे नाते आपल्याला अधिक जवळचे आहे. ‘जाणणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून हा शब्द आला, त्याच कुळात संस्कृतमधील ‘विद्’ धातू येतो. म्हणजे ‘विट’ आणि ‘विद्या’ ही दूरची भावंडे. म्हणूनच ‘विट’मध्ये बुद्धीची चमक आणि हजरजबाबीपणा अपेक्षित असतो.

‘सॅटायर’ म्हणजे समाजातील दोषांवर बोट ठेवणारा उपहास. त्याचे मूळ लॅटिन ‘सॅतुरा’ या शब्दात असून, नाना प्रकारच्या फळांनी भरलेल्या ताटाशी त्याचा संबंध जोडला जातो.

‘सारकॅझम’च्या मुळाशी मांस फाडणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. तासभर उशिरा आलेल्याला ‘या, फारच लवकर आलात!’ असे चारचौघांत दुखावण्याच्या हेतूने म्हटले, की तो सारकॅझम. त्याला कोशांत ‘उपरोध’ हा प्रतिशब्द दिलेला असतो. मला मात्र तो फार सौम्य वाटतो. ‘खवचटपणा’ अधिक नेमका, कारण असे बोलणारा माणूस समोरच्याचे शब्दांनी लचकेच तोडत असतो.