आबा झोपेत गेले आणि चिऊची झोप उडाली

“मॅडम, लहान आहे, तिला काय कळतंय?” घरात कोणी गेल्यानंतर मुलाला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन येणारे बहुतेक पालक हे म्हणतात. आणि लगेच पुढचा प्रश्न, “पण मग ती असं का वागते?”

इंदूरच्या रामबागेतली चिऊ (नाव बदललं आहे) साडेपाच वर्षांची. आबा हार्ट अटॅकने रात्रीच गेले, त्याला दीड महिना झाला होता. चिऊ एकदाही रडली नव्हती. रात्री मात्र चार-चारदा उठायची आणि आईच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

“तिला काय सांगितलंत?”

“आबा झोपेतच देवाघरी गेले म्हणून.”

आता बघा. झोप धोक्याची झाली. देवाघर म्हणजे तिच्या लेखी खजराण्याचं गणपतीचं देऊळ, तिथे ती आबांना शोधून आली होती. आणि ‘गेले’ म्हणजे येतीलच, रोज फिरायला जाऊन यायचे की! 1948 मध्ये मारिया नॉज यांनी हंगेरीतल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मृत्यूबद्दल बोलून एक अभ्यास मांडला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, असं त्यांना दिसलं. चिऊ या वयाच्या जरा पुढे आलेली, तरी आपण मोठी माणसं नेमके तेच दोन शब्द मुलांच्या हातात देतो.

मी चिऊला आईसमोरच सांगितलं, “आबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. झोपलेलं माणूस उठतं, मेलेलं उठत नाही.” ‘मेले’ ऐकून आई दचकली. चिऊ नाही.

“भूक लागत नाही, तर कावळ्याला भात का दिला?”

माझीच पंचाईत झाली. “आपल्याला त्यांची आठवण येते ना, म्हणून,” एवढंच म्हणू शकले. कावळ्याचं उत्तर माझ्याकडे आजही याहून बरं नाही.

तिसऱ्या भेटीत आई सहज म्हणाली, “एक बरं झालं बघा, दादाशी भांडणं बंद. फार गुणी झालीय.” माझे कान टवकारले. दुःखात मूल चिडचिडं झालं तर मला काळजी वाटत नाही, एकाएकी गुणी झालं तर वाटते.

चिऊ मातीच्या गोळ्या वळत होती. मी विचारलं, “आबा का मेले असं तुला वाटतं?”

गोळी चपटी झाली. “मी कट्टी केली म्हणून.”

त्या रविवारी आबांनी तिच्या पोह्यांवर चुकून जीरावण, म्हणजे इंदुरी पोह्यांवरचा मसाला, टाकलं होतं. बट्टी करायची राहून गेली. म्हणून आता ती कुणावरच रागवत नव्हती.

“नाही गं वेडे!” माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं की मूल गप्प होतं आणि आतला समज तसाच राहतो.

“याआधी कधी कट्टी केली होतीस?”

“खूपदा.”

“तेव्हा आबा मेले?”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. “नाही. हसायचे.”

मग मी सांगितलं की आबांचं हृदय आजारी होतं, कट्टीने हृदय बंद पडत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आईच्या मांडीत. मी काही बोलले नाही. मूल आणि आईच्या जवळिकीचा सिद्धांत मांडणाऱ्या जॉन बोल्बींना मानणारी मी, त्या मांडीचं काम माझ्या शब्दांनी होणार नव्हतं.

‘तुला काय वाटतं, का मेले?’ हा प्रश्न गेली अनेक वर्षं मी प्रत्येक मुलाला विचारते, आणि तो क्वचितच वाया गेला आहे. तुम्हीही विचारा. आपल्या मनातल्या रागाने काहीही घडू शकतं, असं या वयात मुलांना खरंच वाटतं. त्यांच्यासमोर रडू आलं तर लपवू नका, का रडताय ते सांगा. जेवण, शाळा, झोपायची वेळ शक्यतो बदलू नका, वर्गशिक्षिकेला कल्पना द्या. तोच प्रश्न दहादा आला तर दहादा तेच खरं उत्तर द्या. मूल मधेच खेळायला पळालं तर पळू द्या, त्याचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांत येतं. पण खाणं-खेळणं कित्येक आठवडे थांबलं, किंवा ‘मलापण आबांकडे जायचंय’ असं ते वारंवार म्हणू लागलं, तर वाट बघत बसू नका, तज्ज्ञाला भेटा.

महिन्याभराने चिऊच्या आईचा फोन आला, वैतागलेला. “मॅडम, पुन्हा दादाशी मारामारी सुरू!”

मी म्हटलं, “छान.” आणि रात्री? पॅसेजमधला दिवा अजून लागतो. राहू दे चालू.