बंद पडणाऱ्या संगणकासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : मी मिरजेत घरूनच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल यांतून महिन्याला साधारण 24,000 रुपये सुटतात. 2019 साली घेतलेला संगणक (आय-फाइव्ह, नववी पिढी, 4 जीबीच्या दोन रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क, विंडोज 10) दोन महिन्यांपासून मध्येच बंद पडतो. सकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर लावली की बरेचदा एकदम रिस्टार्ट होतो. एरवी कधी निळा पडदा येतो आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे दिसते. दुकानदार म्हणतात, मदरबोर्ड गेला आहे, बदलायला 14,000 लागतील. त्यापेक्षा नवाच घ्या, 58,000 रुपये, बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. रोख दिले तर 54,500. माझी एक लाखाची दोन वर्षांची मुदत ठेव सात टक्क्यांनी आहे, तिचे सतरा महिने झाले आहेत. ठेव मोडू की हप्ते घेऊ? भाचा म्हणतो, धंद्यासाठी घेतला तर करही वाचेल.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या दोन्ही पर्यायांची वेळ माझ्या मते आज आलेली नाही, कारण ज्या दोषासाठी हे पैसे जायचे आहेत तो दोष कोणता, हेच अजून कोणी तपासलेले दिसत नाही. मदरबोर्ड गेला हे दुकानदारांनी कशावरून ठरवले, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. मदरबोर्ड पुरता गेलेला संगणक बहुधा सुरूच होत नाही. तुमचा रोज सुरू होतो, काही तास नीट चालतो आणि मग पडतो. एवढ्यावरून मदरबोर्डला निर्दोष ठरवता येणार नाही हे खरे, परंतु त्याच्यावर येण्याआधी ज्यांच्यावर संशय घ्यावा अशा स्वस्त वस्तू बऱ्याच आहेत, आणि पैशांच्या दृष्टीने तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असाच असायला हवा. हा क्रम मी स्वतः एकदा उलटा लावला होता. कार्यालयातला संगणक असाच बंद पडू लागला, तेव्हा घाईने नवा एसएमपीएस (संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसवून घेतला आणि मग लक्षात आले की दोष यूपीएसच्या, म्हणजे वीज गेल्यावर संगणक काही काळ चालू ठेवणाऱ्या पेटीच्या, बॅटरीत होता.

तुमच्या संगणकाला बहुधा एक नव्हे, दोन दुखणी आहेत, आणि ती वेगवेगळी तपासली पाहिजेत. मोटरच्या वेळचे रिस्टार्ट होणे हे विजेचे लक्षण वाटते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते आणि घरातला दाब खाली येतो. तुमच्याकडे यूपीएस असेल, तर अशा वेळी त्याने बॅटरीवर जाऊन संगणक सांभाळायचा असतो, पण बॅटरी जुनी झाली असेल तर ती भार पेलत नाही. घरगुती यूपीएसमधली 12 व्होल्टची बंद बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि ती हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळते. तुमची 2019 पासून बदललेली नसेल, तर उत्तर तिथेच असण्याचा संभव मोठा आहे. तपासायचे तर संगणक बंद करून यूपीएसला फक्त 100 वॉटचा जुना दिवा जोडावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. दिवा लगेच विझला, तर बॅटरी गेली. संगणक जोडून हा प्रयोग करू नये, कारण वीज अशी तोडणे जुन्या हार्ड डिस्कला मानवत नाही.

विंडोज स्वतःही प्रत्येक वेळची नोंद ठेवते. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केले की दिवसवार तक्ता दिसतो, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्याच नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद आढळते. अनेक जण ती पाहून एसएमपीएस बदलायला धावतात, परंतु ती नोंद केवळ एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता मध्येच थांबला. का थांबला, ते सांगत नाही. तिच्या तपशिलातला ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर वीज तुटली किंवा संगणक जागच्या जागी गोठला, असे समजावे. शून्य नसेल तर तो निळ्या पडद्याचा आकडा असतो. या नोंदींच्या वेळा आणि मोटर लावण्याच्या वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहा. आठवडाभराचा असा कागद घेऊन गेलात, तर दुकानातले बोलणेही बदलेल.

निळ्या पडद्यावरचे ‘मेमरी मॅनेजमेंट’ या शब्दांवरून पहिला संशय रॅमवर येतो. कधी कधी दोष एखाद्या ड्रायव्हरचाही, म्हणजे संगणकाचे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचाही, निघतो. तुमच्याकडे दोन रॅम आहेत ही सोयीची गोष्ट आहे. विजेची वायर काढून, एक रॅम बाहेर ठेवून दोन दिवस काम करावे, नंतर ती लावून दुसरी बाहेर ठेवून पाहावे. तत्पूर्वी दोन्हींचे सोनेरी पाय साध्या खोडरबराने हलके घासून पुसावेत. दुरुस्ती करणारे हेच करतात आणि अनेकदा एवढ्यानेच काम भागते. विंडोजमधली मेमरी डायग्नॉस्टिक चाचणी रात्री लावून ठेवली तर एक पैसाही लागत नाही. सात वर्षांची धूळ काढून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) नव्याने लावून घेणे हेही काही शेकड्यांचे काम आहे.

मात्र या सगळ्याआधी, आजच, ग्राहकांच्या सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. संगणक गेला तर तो विकत मिळतो. फायली गेल्या तर मात्र पन्नास शाळांच्या प्रश्नपत्रिका पुन्हा टाइप कराव्या लागतील. या एका खर्चाबाबत मी हात आखडता घ्या असे म्हणणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, कारण तपासाअंती नवा संगणक घ्यावाच लागला तर पैसे कोठून आणावेत हे ठरलेले असावे. ‘नो कॉस्ट’ या शब्दांवर जाऊ नका. रोखीचा भाव 54,500 आणि हप्त्यांचा 58,000 असेल, तर मधले 3,500 रुपये हे व्याजच आहे. दरमहा 4,833 रुपयांच्या बारा हप्त्यांचा हिशेब मांडला तर तो वार्षिक साडेअकरा टक्क्यांच्या जवळ जातो, आणि प्रक्रिया शुल्क असल्यास ते निराळे.

ठेव मोडणेही दिसते तितके निरुपद्रवी नाही. मुदतीआधी मोडल्यास बँक साधारणपणे ठरलेला सात टक्के दर देत नाही. जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर धरून त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. समजा सतरा महिन्यांचा दर पावणेसात असेल आणि कपात एक टक्का असेल, तर हाती पावणेसहा पडतात, म्हणजे मागच्या सतरा महिन्यांचेच सुमारे 1,800 रुपये गेले. याउलट त्याच ठेवीच्या तारणावर, ती न मोडता, ओव्हरड्राफ्ट म्हणजे बँकेकडून उचल मिळते आणि त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के अधिक असतो. 54,500 रुपये आठ टक्क्यांनी उरलेल्या सात महिन्यांसाठी वापरले तर व्याज सुमारे 2,550 होते, आणि तेवढ्याच रकमेवर तुमची ठेव तिकडे सुमारे 2,225 कमावत राहते. निव्वळ भुर्दंड सव्वातीनशेच्या आसपास. दर नऊ टक्के असला तरी साडेसहाशेच्या आत. तुमच्या बँकेचा नेमका दर विचारा, पण या तिन्हींत सर्वांत स्वस्त मार्ग हाच आहे.

कराबद्दल भाच्याचे म्हणणे तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. वर्षाला 2,88,000 रुपये मिळकत असताना तुम्हाला मुळात आयकरच लागत नाही, तेव्हा वाचणार काय? जीएसटीची नोंदणी तुमची नसेल, तर किमतीतले 18 टक्केही परत मिळणार नाहीत.

दुरुस्तीला किती पैसे घालावेत, याला मात्र मर्यादा हवी. 54,500 रुपयांचा संगणक सात वर्षे चालला असे धरले, तर वर्षाला 7,800 पडतात. म्हणून बॅटरी, रॅम, एसएमपीएस, साफसफाई मिळून 7,000 ते 8,000 पर्यंतचा खर्च, जर तो वर्ष-दीड वर्ष निश्चिंत काम देणार असेल, तर मी योग्य मानतो. मदरबोर्डवर 14,000 घालू नयेत. तुमच्या संगणकातल्या पिढीच्या प्रोसेसरला बसणारे बोर्ड आता जुन्या मालातून किंवा दुरुस्त केलेल्यांतूनच येतात आणि त्यांची हमी तोकडी असते. मदरबोर्ड खरोखरच गेला असे रॅम आणि एसएमपीएस बदलून पाहिल्यावर सिद्ध झाले, तर दुरुस्ती सोडून नवाच घ्यावा.

दुकानदारांनी बहुधा विंडोज 10 चाही मुद्दा काढला असेल. त्याचे नियमित समर्थन 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले हे खरे आहे, पण तुमचा नवव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 ला चालतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू करावी लागते. संगणक स्थिर झाल्यावरच ते करावे, आणि जमल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क घालून. रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून चढले आहेत ही त्यांची बाजूही मी मान्य करतो. परंतु त्यातून घाईने नवा संगणक घ्यावा असे निघत नाही. उलट हातातली चांगली रॅम टाकून देऊ नये, आणि एकच खराब निघाली तर तेवढीच बदलावी.

तपास फार लांबवूही नका. महिन्याला 24,000 म्हणजे कामाच्या दिवसाला सुमारे हजार रुपये, आणि चार दिवस वाया गेले की एका एसएमपीएसचे पैसे बुडाले. पंधरा दिवसांची मुदत स्वतःला घालून घ्या. तेवढ्यात दोष हाती लागला नाही, तर ओव्हरड्राफ्ट काढा आणि रोखीच्या भावाने संगणक घ्या. फक्त पैसे देण्याआधी तुमचे जुन्या फाँटचे सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल (सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी लावावी लागणारी परवान्याची खुंटी) नव्या यंत्रावर चालतो की नाही, हे दुकानातच लावून पाहा.